विंझर फाट्यावरचा फोन

११ मे
शॉक लागला त्याला आज तिसरा दिवस. माझ्या टोळीतल्या बबनचा उजवा हात कोपरापासून काढला. डॉक्टर म्हणाले, वाचला हेच खूप. मी हो म्हणालो. मग कँटीनला जाऊन दोन इडल्या खाल्ल्या. भूक नव्हती, प्लेट समोर आली म्हणून.
त्याची बायको शांता बाकावर बसून होती. मला एक अक्षर बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

१२ मे
झालं ते एकदा लिहून ठेवतो.
वेल्ह्याच्या रस्त्याला विजेची तार बदलायचं काम, ठेका माझा. परमिट माझ्या नावावर, म्हणजे मी परत देईपर्यंत लाईन बंद. वर डोंगरात मोबाईलला रेंज नाही. म्हणून आमच्या इंजिनिअर बाईंचा जुना नियम: काम संपलं की सगळ्यांनी टेम्पोत बसून विंझर फाट्यावर यायचं आणि फोनवर एकेकानं आपल्या तोंडानं नाव सांगायचं. बाई तिकडं उपकेंद्रात वहीत खुणा करणार, मगच लाईन चालू. माणसं हसायची. "बाई रोज आमचं बारसं करत्यात."
त्या दिवशी गावागावातून माणसं येऊन विचारत होती, लाईट कधी येणार. मी मोटारसायकलनं पुढं आलो. टेम्पो मागून निघणारच होता. बाईंना फोन लावला.
"नावं?"
"घेतली बाई. पाचीजण खाली."
घेतली नव्हती. काम संपल्यावरच काढतात ते अर्थिंगचे रॉड टेम्पोत टाकलेले बघितले होते, तेवढ्यावर बोललो. बबन खांबावर राहिलेला दोर काढायला परत चढला होता.
फाट्यावर चहा सांगितला होता. पूर्ण प्यालो. मग टेम्पो आला, हॉर्न दाबून धरलेला.

१४ मे
भोरला ऑफिसात चौकशी. मला बोलावलं नव्हतं, पण गेलो. व्हरांड्यात उभा राहिलो. माझे कान पहिल्यापासून तिखट, आतलं सगळं ऐकू आलं.
साहेब: "ठेकेदारानं फोनवर काय सांगितलं?"
बाई: "मी विचारलंच नाही. नावं न ऐकता लाईन चालू केली. जबाबदारी माझी."
विचारलं होतं. बाई खोटं बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.
३१ ला रिटायर होतायत. दोषी ठरल्या तर पेन्शन कापली जाईल. आणि कागदावर कायमचं राहील. या भागातली पहिली बाई इंजिनिअर, आणि शेवट हा. मी खरं सांगितलं तर माझं लायसन जाणार. केसही होईल बहुतेक.
घरी येऊन जेवलो.

१५ मे
झोप झाली. का झाली कळत नाही.
बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी आंबवड्याकडं खांबाचे खड्डे खणत होतो. जीपमधून उतरल्या. एक म्हातारा पुढं होऊन म्हणाला, "ताई, सायेब कुठं हायती?" बाई म्हणाल्या, "आलेत. खड्डा अर्धा फूट कमी आहे." आणि टेप काढून दाखवला. होताच कमी. मीच खणलेला.
नंतर एकदा ट्रान्सफॉर्मर नुसता ऐकून मी म्हणालो, याचा आवाज रोजच्यासारखा नाही. लाईनमन हसले. बाई हसल्या नाहीत, मीटर लावून बघितलं. एका फेजवर लोड जास्त होता. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात सुपरवायझर परीक्षेची पुस्तकं. "फावडं ठेव. तुझे कान कामाचे आहेत."
पुढचं सगळं त्यातून. टेम्पो, माणसं, घर.

१८ मे
बबनकडं गेलो. बसता झालाय.
"मालक, त्यो दोर आणला का कुणी खाली?"
"न्हाई."
"मंग म्या कशापायी चढलो वं?" स्वतःच हसला. शांतानं तोंड फिरवलं.
मग म्हणाला, "बाईंचा फोन आलता. म्हणल्या, नाव सांग. म्या म्हणलं, बबन. म्हणल्या, परत सांग. तीनदा सांगाया लावलं. मंग ठेवला."
मी पंखा बघत बसलो. फिरत होता.

२२ मे
बाईंच्या घरी. शेजारणीचा मिक्सर उघडून बसल्या होत्या. मी साक्ष देतो म्हणालो.
"हा स्क्रू धर. हरवू नकोस."
"बाई, तुम्ही विचारलं होतं."
"विचारलं. पण ऐकलं नाही. नियमात ऐकणं आहे. दुसऱ्या कुणाचा फोन असता तर पाचही आवाज आल्याशिवाय हात लावला नसता. तुझा होता म्हणून लावला."
"मी खोटं बोललो."
"ते तू बघ. तुझ्याकडं तीस माणसं आहेत. माझे नऊ दिवस राहिलेत."
मिक्सर जोडला, चालू केला. व्यवस्थित फिरला. चहा दिला. साखर कमी होती, तसाच प्यालो.

२५ मे
सौ. म्हणते, "अहो, गप बसा. बाई एकट्या, पोट भरंल त्यांचं कसंबी. आपलं काय?" मुकादम म्हणतो, "आमी वरतीच व्हतो शेट. फोनचं आमाला काय म्हाईत न्हाई." कुणी चुकीचं बोलत नाही.
दु. नसरापूरला एकाची पाण्याची मोटर बघायला गेलो. तो म्हणे, बेअरिंग ओरडतंय, ऐका की. कान लावला. मला काही ऐकू येईना. बदलून टाक म्हणालो.

२९ मे
चौकशीचा शेवटचा दिवस. स. १० लाच जाऊन बसलो. शिपायानं यादी बघितली.
"तुमचं नाव न्हाई. बोलावलंय कुणी?"
"न्हाई."
"मंग कशाला आलाय?"
"जबाब द्यायला."
"बरं, बसा. जेवणानंतर बघू."
११ वा. बाई आल्या. आज त्यांना स्वतःचा जबाब वाचून सही करायची होती. मला बघून थांबल्या. "तुला येऊ नको म्हणणार होते."
"म्हणाला न्हाईत."
बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मधे त्यांची पिशवी. तीन तास तसेच बसलो. मनात काहीच नव्हतं, भीतीही नाही.
दोन वाजता शिपायानं दार उघडलं. म्हणाला, आधी कोण?
दोघंही उठलो.