कडीच्या बंदुकीचा आकडा

पोलादपूर, वाडीवरून
ता. १४ सप्टेंबर २०२५, रविवार

चि. सौ. रेश्मा हिस,

पत्र माझं आहे हे अक्षरावरून कळलंच असेल. चुलीत टाकायचं तर टाक, पण शेवटपर्यंत वाचून टाक. फोन तू उचलत नाहीस, आणि का उचलावास. म्हणून चौथी पास बाईला वही घेऊन बसावं लागलं. इकडे सगळी बरी आहेत. भात पोटऱ्यात आलंय आणि डुकरं रोज खाली उतरतायत. म्हैस व्याली, पारडी झाली. ह्यांचा गुडघा दुखतो आणि येईल त्याला ते तो दाखवतात. प्रवीणभावजींची रात्रपाळी सुटली का?

लिहायचं कारण मामंजींची बंदूक. ती तपासून झाली. काय निघालं ते सांगते, पण मला मध्येच उडी मारता येत नाही, पहिल्यापासून सांगावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी मामंजी गेले. बंदूक ह्यांच्या नावावर करायला ठाण्यात नेली, तर परवान्यावरचा आकडा बंदुकीवर सापडेना. गोळी भरायला जी कडी खाली ओढतात तिच्या मागच्या लोखंडी पट्टीवर असायला हवा, तिथे पट्टी कोरी. तोवर दर वेळी कागदच बघितला जाई, बंदूक कोणी उलटी केली नव्हती. मामंजी शेवटचे आठ महिने औषधपाण्याला धाकट्या लेकाकडे, म्हणजे तुमच्याकडे महाडला होते आणि बंदूक त्यांच्याबरोबर तुमच्या कपाटात. मग बाराव्याला पंगतीत मी काय बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "खरी विकून खाल्लीत आणि ही भंगारातली आणून ठेवलीत." तू पानावरून उठलीस. तेव्हापासून बंदूक ठाण्यात आणि तू तुझ्या घरी.

यंदा नवे साहेब म्हणाले, जाणकाराचा दाखला आणा, ही परवान्यावरचीच आहे असं ठरलं तर ठीक, नाहीतर सरकारजमा. म्हणून ठाण्यातून ती महाडला कुशाबांकडे पाठवली. त्यांच्याकडे बंदुका दुरुस्त करायचा परवाना आहे. ऐंशीचा म्हातारा. दुकान एवढंसं, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून तशीच.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "अकराच्या गाडीला होईल का?"

म्हणाले, "कुठल्या महिन्यातल्या?"

मला असली माणसं आवडत नाहीत, तुला माहीत आहे. पण मी सहा वेळा गेले, गो. सहा वेळा तुमच्या एमायडीसीच्या फाट्यावरून एस.टी. गेली आणि सहा वेळा मी खिडकीतून दुसरीकडे बघितलं.

त्या माणसाचं काम सांगू का तुला. एका पेचावर तेलाचा थेंब टाकला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. मी म्हटलं, "द्या इकडे, मी फिरवते." म्हणाले, "बाई, हा पेच सव्वाशे वर्षांचा आहे. तुमच्या गाडीची वेळ त्याला कशी कळणार?" प्रत्येक पेचाला वेगळा पेचकस, त्याच्या खाचेत बरोबर बसेल असा कानशीनं घासून केलेला. पेच निघाला की कागदावर बंदुकीचं चित्र, आणि चित्रात ज्या जागचा तो पेच त्या जागी तो ठेवायचा. गंज काढायला काय, तर तेलात भिजवलेली चिंधी आणि तांब्याचा जुना पैसा. नखानं खरवडावं तसं हळूहळू खरवडत होते. पॉलिश पेपर दुकानात नावालाही नाही. मी विचारलं, "चकचकीत कधी करणार?" तर माझ्याकडे असं बघितलं की मीच गप्प बसले. मी. गप्प. ह्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना.

चौथ्या खेपेला कडी चालू झाली. आपल्याला माहीत होती ती अर्ध्यावर अडकलेली, मामंजी म्हणायचे हिचं हाड मोडलंय. मोडलं काही नव्हतं. आत वाळलेलं तेल, चिंचोक्यासारखं घट्ट. त्यांनी ते काडीनं काढलं आणि कडी खाली-वर केली. दाराला कोयंडा बसावा तसा आवाज आला. पुन्हा केली, पुन्हा तोच. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मी म्हटलं, "अजून एकदा करा." त्या दिवशी माझी दोनची गाडी चुकली आणि मला राग आला नाही.

मग लाकडी दस्त्याच्या मागची लोखंडी टोपी काढली. टोपीच्या आतल्या बाजूला आकडा, लाकडाच्या पोटातही तोच, आणि परवान्यावरचाही तोच. मी म्हटलं, "झालं, लिहा दाखला." म्हणाले, "लाकूड तुमचं आहे एवढंच कळलं. पुढचं लोखंड बदललेलं असलं तर?" माझ्याच तोंडचं वाक्य, बघ. फक्त ते विचारत होते आणि मी पंगतीत ठरवून बोलले होते.

त्यांनी लोखंडाच्या गंजाचा डाग लाकडात उतरला होता तो भिंगातून दाखवला. डागावर डाग बसला, वाटीवर झाकण बसावं तसा. तरी दाखला लिहिला नाही. ती कोरी पट्टी उन्हात तिरकी धरून बराच वेळ बघितली आणि विचारलं, "घरात हिला चिंच कोण लावतं?"

रेश्मा, हे मी इतका वेळ पुढे ढकलत होते.

खंडेनवमीला बंदूक मीच घासायची. लग्न झाल्यापासून दर साली, चिंच आणि राख, तांब्या घासावा तशी. कुशाबा म्हणाले, ओरखडे सगळे आखूड, एकाच अंगाला, खाली बसून उजव्या हातानं घासलेले. शेवटच्या बाजूला दोन आकड्यांची टोकं अजून उमटतात, ती परवान्याशी जुळतात. आणि पट्टीच्या कडेला ओळीनं तीन बारीक खड्डे आहेत. "ओलं कुंकू लोखंड खातं," म्हणाले. "तीन बोटं लावायची पद्धत आहे का तुमच्यात?" मी माझी तीन बोटं त्यावर ठेवली. बरोबर बसली. आता ही बंदूक कुठली हे मी कोणाला विचारणार होते?

आणि हेही लिहिते. मी घासत असताना पाणी तू घालायचीस. एका साली तू म्हणालीस, "ताई, जपून, आकडे जातील." मी काय म्हणाले? "बारावी झालीस म्हणून मला आकडे शिकवू नकोस." म्हणजे त्या पंगतीत तुला ठाऊक होतं. पंधरा घरच्या माणसांसमोर एवढं एक वाक्य बोलली असतीस तर माझं तोंड बंद झालं असतं. बोलली नाहीस. मामंजींच्या बाराव्याला घरच्या थोरल्या सुनेची शोभा नको म्हणून, की माझ्यासारखीशी बोलण्यात अर्थ नाही म्हणून, ते मला कळत नाही. पण तीन वर्षं तू चोर म्हणवून घेतलंस आणि गप्प राहिलीस. माझ्यानं तीन तासही झालं नसतं.

दाखल्याला घरच्या माणसाचा जबाब लागतो, आकडा कसा गेला त्याचा. हे म्हणाले, "बाबांनी घासला असं लिही. आता त्यांना कोण विचारायला जातंय?" बंदुकीवरचा आकडा पुसणं हा गुन्हा आहे, म्हणून घाबरतात. मी म्हटलं, "एकदा भलत्याचं नाव घेतलं तेवढं पुरे." जबाब माझ्या नावानं लिहिला, तू सावध केलं होतंस ते वाक्यही घालायला लावलं. पूजेसाठी घासलं, लपवायला नाही, असं कुशाबांनी खाली लिहिलंय. साहेब काय करतील ते गुरुवारी कळेल. ओरडतील तर ओरडू देत, मीही काही कमी ओरडलेली नाही. जबाबाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

पंगतीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगतेय. अकरा झाली, चार राहिलीत. रंगूबाई म्हणाली, "मेलं तीन वर्षांनी कशाला उकरतेस?" मी म्हटलं, "तेव्हा चवीनं ऐकलंस ना, मग आता हे पण ऐक." मुरारीच्या म्हातारीला ऐकू येत नाय, तिला दोनदा सांगितलं.

तुझ्या दारात मी आलेले नाही. बोलावल्याशिवाय येणारही नाही. चोरीचा आळ मी घेतला, तो खोटा होता, आणि चूक सगळी माझी. तू काही लिहावंस, यावंस, असं मागत नाही.

वयानं मोठी असले तरी या वेळी आशीर्वाद लिहवत नाही. माझा नमस्कार घे.

तुळजा