महापूर, फक्त ड्रमवर

२ मार्च, सकाळी ९
आजपासून कुणावर भडकायचं नाही. डॉक्युमेंट्री सुरू. धरण फुटून आलेल्या महापुराला या २१ तारखेला पन्नास वर्षं होताहेत, त्याच दिवशी टाउन हॉलमध्ये दाखवायची. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. जुनं फुटेज आणि ड्रम, बस्स. लोक हादरतील.

५ मार्च
फिल्म संग्रहातून फुटेज आलं. एकूण एक्केचाळीस सेकंद. फिल्म वीस मिनिटांची. हरकत नाही. पूल कोसळतो तो शॉट म्हणजे नुसतं सोनं! पाणी धडक मारतं, कठडा फुटतो, एक माणूस टोपीसकट खाली. तोच पुन्हा पुन्हा दाखवायचा. दरवेळी ड्रमचा दणका.
आईने विचारलं, त्यात माणसं दिसतात का रे? म्हटलं, माणसं किरकोळ, पाणी हीरो. तिचा थोरला भाऊ त्याच पुरात गेला. मामाचा एक फोटोही नाही; घरासकट सगळं वाहून गेलं. तिला पहिल्या रांगेत बसवणार. अभिमानाने रडेल.

११ मार्च
ड्रमर अगदीच मिळमिळीत. पाणी माणसं मारतंय आणि हा बाळाला थोपटतोय! म्हटलं, मार ना लेका! त्याने मलाच स्टिक फेकून मारली. भुवईला चार टाके. पण त्या रागात पुढे काय वाजवलंय! शेवटी दिग्दर्शन कुणाचं?

१५ मार्च
एडिटिंग दाजींकडे, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याकडे. म्हणाले, पडणारा माणूस कोण ते आधी विचारू या, त्याचंही कुणी असेल की. म्हटलं, रिसर्चने कला मरते. मी त्यांची कॉलर धरली, केवळ मुद्दा पटावा म्हणून. त्यांनी मला शेल्फवर आपटलं. एक दात हलतोय. बहीण बोलत नाही. उरलेलं एडिटिंग मीच केलं. उत्तम झालं.

२१ मार्च, संध्याकाळी
हॉल खच्चून भरलेला. बहुतेक सगळे पुरातून वाचलेले. पूल कोसळला. दणका. परत कोसळला. दणका. पाचव्यांदा आरडाओरडा सुरू झाला. वाटलं, दाद मिळतेय. सातव्यांदा खुर्ची आली. कुणीतरी ड्रमला लाथ घातली, ड्रमरने त्याचं नाक फोडलं, मग जो तो दिसेल त्याला हाणायला लागला. मी ओरडतोय, अहो, शेवट तरी बघा!
मग आई उठली. प्रोजेक्टरची वायर उपटली आणि माझ्या थोबाडीत ठेवून दिली. म्हणाली, मेल्या, तो माझा दादा आहे. एकदा पडला तेव्हा मी काठावर उभी होते. तू किती वेळा पाडशील त्याला?

२२ मार्च
प्रतिक्रिया संमिश्र. फिल्म काळाच्या पुढची आहे.
आई जेवली नाही. मलाही गिळवत नाहीये. दात दुखतोय म्हणून.

२४ मार्च, रात्री
आई येऊन कॉम्प्युटरसमोर बसली. पडायच्या आधीचं काही आहे का, म्हणाली. होतं. चार सेकंद. संथ म्हणून मी कापले होते. मामा पुलावरून चालत येतो, टोपी धरतो, कॅमेऱ्याकडे बघून हसतो. आई म्हणाली, बटणं वरखाली लावलीत बघ, नेहमीसारखी.
विचारलं, खाली हळूच ड्रम टाकू? म्हणाली, गप्प बस. परत लाव.
लावलं. परत लाव म्हणाली. दिवेलागण झाली तरी आम्ही तिथेच. माझं कुठलंच काम आजवर कुणी दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं. आणि या चार सेकंदांत मी काहीच केलेलं नाही.