फरशीवरची रेघ

जळगाव, ता. ६ नोव्हेंबर १९३३

ती. गं. भा. अक्काचे चरणी, धाकट्या भिकूचे शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझे, आबांचे, रुपचंदभाऊचे आणि आपल्या शेंडेफळ मंदीचे कुशल कळवावे. मंदीला म्हणावे, माझी हिरवी चोळी घालून मिरवतेस ते कळले आहे मला. उसवलीस तर नवी भरून घेईन.

दिवाळीला सासूबाईंनी घरभर शहाबादी फरशी घालून घेतली. गल्लीत पहिलीच, म्हणून बायका पाहायला येतात. सारवलेली जमीन होती तेव्हा धूळ तिच्यातच जिरायची. फरशीवर ती नुसती लोळत असते. त्यात भिंतीपलीकडे सरकी काढायचे जिन सुरू झाले आहे, आणि कपाशीचा फुफाटा दिवसभर घरात येतो. मी झाडू लागले की तो उडतो, मी टेकले की तोही टेकतो. मग सासूबाई येतात, फरशीवर एक बोट लांब ओढतात, ते माझ्या नाकापुढे धरतात आणि विचारतात, हाई काय शे? पाहुण्यांच्या देखतसुद्धा. तुला हसू येईल, पण मला आता डोळे मिटले तरी ती रेघ दिसते.

थोडा खोकला आहे, काळजी नको. तू शिकवतेस त्या मुलींच्या शाळेत फरशीच आहे ना? काही युक्ती असेल तर कळव. माझ्यावर लोभ आहेच, तो असाच वाढता राहो.

तुझी,
भिकू


धुळे, ता. ११ नोव्हेंबर १९३३

चि. सौ. भिकुबाईस, अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. फरशी कधीही कोरडी झाडू नये. धूळ जागची उठते आणि छातीत जाते. गव्हाचा कोंडा पाण्याने ओलसर करून फरशीवर पसरावा. केरसुणी वर न उचलता हलकेच ओढावी. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. आमच्या शाळेतली बाई असेच करते. जिनकडची खिडकी लावून घे आणि झाडताना नाकाला पदर बांध.

वरचे एवढेच सासूबाईंना वाचून दाखव. मी सांगते असे म्हणू नकोस, शाळेत करतात असे म्हण, म्हणजे त्यांना राग येणार नाही. चोळी मंदीने कधीच उसवली आहे. खोकल्याला ज्येष्ठमध चघळ.

आबांचा आशीर्वाद. ममता आहे, तशी तुझीही असू दे.

सुंदरबाई


जळगाव, ता. १९ डिसेंबर १९३३

ती. गं. भा. अक्कास, भिकूचे शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून दाखवले. सासूबाई म्हणाल्या, फरशीला तेलाचा हात दिला आहे, पाण्याने पांढरे डाग पडतील. शिवाय धुळ्याची पोर आणि धुळीला भिते, असे म्हणून शेजारणीला हसवले. फडके ओले केलेले दिसले की काढून घेतात. खिडकी लावू देत नाहीत, कारण गल्लीतून फरशी दिसली पाहिजे. यांना सांगितले, तर हे खांबाला टेकून ऐकतात आणि उठून जातात.

खोकला वाढला आहे. वैद्य म्हणतो धुळीपासून दूर राहा. मी कुठे जाऊ, अक्का? संक्रांतीला आबांना मला न्यायला पाठव. विसरू नको.

तुझीच,
भिकू


जळगाव, ता. २० फेब्रुवारी १९३४

चि. रुपचंदास, आशीर्वाद.

आज भिकूचा दहावा झाला. संक्रांतीला सासरच्यांनी तिला पाठवले नाही, घरात कामाला कोणी नाही म्हणून. तिला नेले त्या दुपारीच त्यांनी फरशी झाडून घेतली. कोरडीच.

मी आल्यापासून इथे कोणाला उणा शब्द बोलले नाही. काल तिच्या सासूबाई माझ्याजवळ बसून म्हणाल्या की, दिवस झाले की सुकदेवसाठी मंदाचे पाहू. ती निरोगी आहे ना, फरशीची सवय होईल तिला. आबांनी अर्धी मान हलवलीच आहे, तेव्हा उरलेली तुम्ही हलवून घ्या, असेही म्हणाल्या.

इथली रीत तुला ठाऊक आहे. दहाव्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, जिथे प्राण गेला तिथे पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपली झाकतात. सकाळी त्यावर जे पाऊल दिसेल त्या जन्माला जीव गेला असे मानतात. बहीण म्हणून ते काम मला दिले.

आज सकाळी सारे नातेवाईक जमले. बोदवडच्या मामींनी टोपली उचलली. पाखराचे पाऊल नव्हते, गाईचा खूर नव्हता. एका बोटाची लांब, सरळ रेघ होती. मामींना डोळ्यांनी कमी दिसते. त्यांनी वाकून सहज विचारले, हाई काय शे?

त्या घरातल्या आणि शेजारच्या प्रत्येकाने ती रेघ शंभरदा पाहिली होती. एकेक मान सासूबाईंकडे वळली. त्यांचे बोट मुठीत गेले आणि त्या होत्या तिथे फरशीवर बसल्या. मग सुकदेवराव खांब सोडून पुढे आले आणि सर्वांच्या देखत म्हणाले की, या घरात दुसरी मुलगी यायची नाही. त्यांना हे तिच्या जिवंतपणी सुचले असते तर बरे झाले असते.

इथपर्यंत आबांना वाचून दाखव, म्हणजे उरलेली मान हलणार नाही. पुढचे तू एकट्याने वाच आणि पत्र चुलीत घाल.

टोपली झाकताना माझे एक बोट आत राहिले होते. मला त्याचे वाईट वाटत नाही. भिकूला रोज एक रेघ मिळे, त्यांना एकच मिळाली.

परवाच्या गाडीने निघते. मंदीला जवळ घे.

अक्का


जळगाव, ता. ३ डिसेंबर १९३४

गं. भा. सुंदरबाईंस, गोजराबाईचा नमस्कार. हे सुकदेवच्या हातून लिहविते.

मंदाचा विषय आम्ही केव्हाच सोडला. आता दुसरीकडूनही कोणी मुलगी देत नाही. बोदवडच्या बाईने पिठाची गोष्ट गावोगाव केली. कामाला बाई टिकत नाही, म्हणते त्या खोलीत जाणार नाही. सारे मलाच झाडावे लागते. जिन पुन्हा सुरू झाले आहे. सकाळी केर काढला की दुपारपर्यंत धूळ परत येते, आणि त्या जागी मला रेघ दिसते. सुकदेव म्हणतो काही नाही. मला दिसते. आता खोकलाही लागला आहे.

तुमच्या बहिणीची काय इच्छा राहिली असेल? तुम्ही शिकलेल्या आहात. शांत करावी की दान द्यावे, जो उपाय असेल तो कळवावा. जुने नाते आठवून लोभ करावा.

गोजराबाई


धुळे, ता. ८ डिसेंबर १९३४

गं. भा. गोजराबाईंस, सुंदरबाईचा नमस्कार.

पत्र पोचले. भिकूची इच्छा एकच होती, धूळ उडू नये. त्याचा उपाय मी गेल्या वर्षी कार्तिकातच आपल्या घरी पाठवला होता आणि तिने तो आपल्याला वाचून दाखवला होता. त्याहून वेगळा उपाय मला ठाऊक नाही.

पण पाण्याने आपल्या फरशीवर पांढरे डाग पडतील. तेव्हा आपण कोरडेच झाडावे.

लोभ होता तेवढा पुरे, ही विनंती.

सुंदरबाई