पक्की वही

४ जून
नवी नोकरी, नवी खोली, टेबलावर भरपूर ऊन! दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका चित्रकाराच्या कच्च्या वह्या पक्क्या वहीत उतरवून काढायच्या. काम मार्गी लागलं की लेकीला ताईकडून इकडे आणायचं. शाळाही पाहून ठेवलीय. बाई, म्हणजे चित्रकाराची बायको, फार मायाळू. एक कोरी पक्की वही मला अशीच देऊन टाकली. फुकट ते पौष्टिक! रोजनिशी हिच्यातच.

९ जून
त्यांची पद्धत मोठी गमतीची. आधी माणूस कच्च्या वहीत शब्दांनी टिपायचा: नाक, कान, तीळ, व्रण. मग तेच सुवाच्य अक्षरात पक्क्या वहीत. मगच कॅनव्हास. समासात एकच शेरा: उतरला. बाई सांगत होत्या, ह्यांच्याकडे माणूस हुबेहूब उतरायचा.
बाईंना रोज भेटते, पण खोलीवर आलं की त्यांचा चेहरा काही केल्या आठवत नाही. डोक्याला गंज चढलाय माझ्या.

१७ जून
शेवटच्या कच्च्या वहीत एका बाईचं वर्णन सापडलं. डाव्या गालावर तीळ, जन्मापासून दुभंगलेली कानाची पाळी. थेट मीच! त्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं. हसू आलं. हात सवयीने चालत होता, पक्क्या वहीत उतरवून मोकळी झाले.

१८ जून
बाई म्हणाल्या, चेहरा उतरलाय तुमचा. झोप नसेल झाली, म्हटलं.
आरशात पाहिलं. तीळ नाही. कानाची पाळी सलग.
चित्रकाराच्या वरच्या खोलीतल्या, कालपर्यंत कोऱ्या असलेल्या कॅनव्हासवर दोन्ही आहेत. बाईंना ओढत नेऊन दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, माझाही असाच उतरला, पुढे सवय होते. मला भीती वाटतेय.

२१ जून
ताई लेकीला घेऊन आली. दारात मलाच विचारलं, माझी बहीण कुठेय. आवाजावरून ओळखलं, मग रडायला लागली. लेक तिच्यामागे लपली. ही आई नाही, एवढंच म्हणत राहिली. दोघी परत गेल्या.

२३ जून
ओठ चाचपते, नीट लागत नाहीत — आता लेकीचा चेहराही पुसट होतोय. तेवढा नको. लिहून ठेवते, म्हणजे राहील. गोल हनुवटी. पुढच्या दातांत फट. उजव्या भुवईत एक पांढरा केस —

२४ जून
ताईचा फोन. लेकीची हनुवटी — भुवई —
ही वही. पक्की आहे ही.
डोळे राहिलेत अजून. ते लिहायचे नाहीत. हात थांबत नाही — लिहायचं नाही, की ते तपकिरी आहेत, डाव्यात एक बारीक