डावी लिंबाखाली, उजवी पारापाशी

साखरा,
रविवार, ८ मार्च २०२६, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. काल्याचं कीर्तन संपून पंगती बसल्या आहेत आणि मी भाताची बादली खाली ठेवून मारुतीच्या पारामागे लिहीत आहे.

तीर्थरूप हरिचंदमामांस देविदासचा साष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा आता कसा आहे? सेनगावचं दुकान बरं चालत असेल. (तुम्ही पायताणं विकता, म्हणून हे पत्र तुम्हालाच नीट कळेल.) आई ठीक आहे.

मामा, मी जिंकलो! सप्त्यात पहिले दोन दिवस मंडपाबाहेरून चपला जात होत्या आणि राखण माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी गेल्या त्या नेमक्या जवळा बाजारच्या किसनरावांच्या. ते त्यांच्या कोमलसाठी मला बघायला आले होते. अनवाणी उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्याला पायताण सांभाळता येईना, तो माझं लेकरू काय सांभाळणार? काल्याला येतो पुन्हा, तवा बघू."

आमचे गुरुजी म्हणतात, माणूस परिस्थितीनं चोर होतो, आधी परिस्थिती सुधारा. खरं असेल, पण ती काल्याच्या आत कशी सुधारणार? उलट मागे ग्रामसभेत आलेले पोलीस जमादार म्हणाले होते, चोर मनात हिशेब मांडतो: मिळणार किती आणि सापडायची भीती किती. पसारा दिसला की तो ओळखतो, इथं कुणाचं लक्ष नाही. म्हणून चोराला सुधारत बसू नका, चोरी अवघड करा. मला पटलं. (दहावीला मी दोनदा बसलो, पण गणितात कधी नापास झालो नाही.)

मी ढीग मोडला, चुन्याच्या रेघा ओढल्या आणि प्रत्येकाची डावी चप्पल लिंबाखाली, उजवी पारापाशी ठेवली. एकच पाय चोरून चोराला काय फायदा? सटवाजी आजा ओरडले, "आरं, मला या वयात लंगडी काहून खेळवून राहिला?" पार्वतीकाकू म्हणाल्या, "खेळा की, लई दिस झाले." कीर्तन सुटलं की अख्खं गाव एका पायात चप्पल घालून लिंबाकडून पाराकडे निघायचं. पण त्यानंतर एकही चप्पल चोरीला गेली नाही! आज महाराजांनी कीर्तनात माझं नाव घेतलं, सरपंचांनी नारळ दिला आणि किसनराव माईकवर म्हणाले, "पोरगं बराबर हाय. सोयरीक पक्की समजा." आई रडली. मी रडलो नाही (थोडा रडलो).

चोर कितीही हुशार असो, माझ्या पद्धतीपुढं त्याचा हिशेब जुळणार नाही, हे मी लिहून देतो.

तुमचा भाचा,
देविदास

ता. क. फोन केला असता, पण इथं माझा शब्द न शब्द ऐकायला माणसं बसली आहेत. पत्र आमच्या शेजारच्या लालसिंगच्या हाती, मोटारसायकलवर पाठवतो. पेट्रोल त्याचंच, कारण कुत्रा त्याचा.

आणखी ता. क. कुत्रा हिशेब मांडत नाही, हे जमादारांनी सांगितलं नव्हतं. किसनरावांनी आज सकाळी येताना तुमच्याच दुकानातून काळे बूट घेतले, नऊ नंबर. त्यातला उजवा कुत्र्यानं पारापासून उचलून हळदीच्या वावरात नेला. सापडला, पण आता त्याला बूट म्हणता येत नाही. किसनराव महाराजांपाशी पान खात बसले आहेत. महाराजांना मी हात जोडून सांगितलं आहे की गोष्ट लांबवा. तसाच उजवा लालसिंगजवळ लगेच द्या.

खर्च: चुना. देणं: एक उजवा बूट. जोडी फोडली म्हणून रागावू नका. तुमच्याकडे उरलेला डावा रात्रभर दुकानाच्या पायरीवर ठेवला तरी कुणी चोरणार नाही, ही माझी हमी. (गल्लीत कुत्रं असेल तर आत ठेवा.)