मोकळी गल्ली

९ जानेवारी

काचबिंदू! मला! अहो, सगळं तर दिसतंय. डॉक्टरीण पोरगेलीशी — म्हणे, दोन्ही डोळ्यांची डावी बाजू बरीच गेलीय, परत येणार नाही. म्हटलं, मग तिथे काळं दिसायला नको? तर म्हणाली, "काका, मेंदू जागा रिकामी ठेवत नाही. आजूबाजूला जे असेल तेच तिथे पसरवतो."

म्हणजे डोळा सगळं चित्र वर पाठवतच नाही म्हणे. जिथे फरक पडतो तेवढंच कळवतो, बाकीचं मेंदू धरून चालतो. काटकसर! आमच्याच घराण्यातला दिसतो.

गाडी चालवणं बंद, म्हणाली. आमच्या सौ. सुनंदाने अशी मान डोलावली, जणू डिग्री हिलाच मिळालीय.

१० जानेवारी

थेंब घातले. चरचरतात.

१४ जानेवारी

शेजारचा यतीन तिळगूळ घेऊन आला. डावीकडून. तो बोलेपर्यंत मला पत्ता नाही! दचकलो. सुनंदाने पाहिलं.

२ फेब्रुवारी

दुपारी एकटाच होतो. टीव्हीच्या कडेवर नजर रोखून बसलो. डावीकडचं कॅलेंडर गेलं. खिळासुद्धा गेला. तिथे भिंत — आमचीच, पिवळट, अखंड. भोक नाही, डाग नाही. इतकी साफ खोटी भिंत!

घाबरलो. खरंच घाबरलो. सुनंदाला सांगायचं नाही. चाव्या लपवेल.

११ फेब्रुवारी

न सांगताच लपवल्या. कडाक्याचं भांडण. उभा जन्म मुंबईत गाडी हाकली, साधा ओरखडा नाही, आणि मी आता रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या विनवण्या करू? मान वळवून बघेन की डावीकडे! ती रडायला लागली. "अहो, कुणाला उडवलंत तर तुम्हीच जगू शकणार नाही."

चाव्या तूरडाळीच्या डब्यात सापडल्या. बायकांना दुसरी जागाच सुचत नाही.

२५ फेब्रुवारी

सुनंदा देवळात गेली तेवढ्यात शिवाजी पार्कपर्यंत चक्कर मारून आलो. काही झालं नाही! उलट रस्ते किती मोकळे वाटले. फार दिवसांनी बरं वाटलं.

७ मार्च

काल सुनंदाला स्मशानात पोचवून आलो. वॉचमन सांगतो, परवा गाडी निघालेली बघून ती डावीकडून धावत आली, दोन्ही हात हलवत, मला थांबवायला. मी डावीकडे बघितलं होतं. पोलिसांनाही तेच सांगितलं. गल्ली दिसत होती — उन्हातली, मोकळी, थेट कोपऱ्यापर्यंत.