तलाव बुजवणाऱ्याच्या दारी तुझी फुलदाणी

प्रिय सुनंदा,

तू गेल्यावर तुला पत्र लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. वाचणार कोण? पण काल आपल्याच पोराशी कडाकडा भांडलो. तो बायको-लेकरांना घेऊन भिलाईला निघून गेला आणि आज घरात बोलायला कोणी नाही. म्हणून तुलेच लिहून राहिलो. रागातच आहे, सांभाळून घे.

तुझी ती हिरवी फुलदाणी आपल्या निखिलनं मला न विचारता देऊन टाकली! कुणाला? ज्यानं आपल्या घरामागचा तलाव बुजवला, त्या बिल्डरला. तलावाच्या जागी उभ्या केलेल्या इमारतीत, खालच्या हॉलमध्ये ठेवायला.

तलाव भरायला दगडमातीच्या मलब्याचे ट्रक येऊ लागले तेव्हा तू शाळेतले चित्रकलेचे तास आटपून थेट घमेलं घेऊन तलावावर जायचीस. मी म्हणायचो, "अगं, आपल्या पुरानी बस्ती मोहल्ल्यातली लोकं हसतील." तू म्हणायचीस, "हसू द्या हो. हा गाळ उद्या दिसायचा नाही."

विकतच्या मातीत तो गाळ मिसळून तू चाकावर फुलदाणी घडवलीस. बुडाशी गर्द हिरवी, वर फिकी होत गेलेली, आणि तोंडाशी नुसती कोरडी, भेगाळलेली माती. पाणी आटत जातं तशी.

ती प्रदर्शनात मांडलीस, तेव्हा लोकांनी काय केलं? "कितना सुंदर है, दीदी!" म्हणत फोटो काढले. तलावाचं एकानं विचारलं नाही. आणि तू आभार मानत राहिलीस! काहून गं? एकदा तरी ओरडायचं होतंस. "माझी माती बोलेल," म्हणायचीस. नाही बोलली, सुनंदा. ट्रक येतच राहिले.

निखिलला विचारलं तर म्हणाला, "बाबा, मम्मी का नाम होगा. सब लोग देखेंगे."

"ती बिल्डिंग कशावर उभी आहे, माहीत आहे ना तुले?"

"तालाब तो अब वापस नहीं आएगा ना!"

पोट्टा आपला, बोलणं त्या बिल्डरचं.

मी तडक तिथं गेलो. काचेच्या पेटीत तुझी फुलदाणी, तिच्यात प्लास्टिकची कमळं खोचलेली, आणि खाली पाटी: 'प्रकृति को समर्पित'. माझं डोकंच फिरलं. मॅनेजरला म्हणालो, "पाटीवर लिहा, ही इथल्याच तलावाची माती आहे. तो तलाव तुम्ही बुजवला." तो गोड हसला. "अंकलजी, निगेटिव लगेगा."

मी पेटी उघडली. कमळं उपसून फरशीवर फेकली आणि फुलदाणी काखेत घेतली. गार्ड धावला, "बाबूजी, ये बिल्डिंग का है!"

"हे माह्या बायकोचं आहे! हात लावून दाखव!"

रेल्वेच्या नोकरीत मी कधी कुणावर आवाज चढवला नाही, तुला ठाऊक आहे. गार्ड दोन पावलं मागे सरला. मॅनेजरनं निखिलला बोलावून घेतलं, आणि आपल्या लेकानं सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. माझ्या वतीनं! फुलदाणीसकट मला गाडीत बसवून घरी आणलं, पण दार लोटताच आम्ही एकमेकांवर तुटून पडलो.

फुलदाणी आता माझ्यासमोर टेबलावर आहे. किती देखणी केलीस गं! त्याचाच राग येतो.

आपल्या मोहल्ल्यातल्या दुसऱ्या तलावातही आता मलबा पडू लागलाय. उद्या सकाळी आम्ही काही जण ट्रकांच्या वाटेत खुर्च्या टाकून बसणार आहोत. शेजारच्या साहूबाई म्हणाल्या, "भैया, दीदी की फूलदानी भी ले चलो. अच्छा लगेगा." मी म्हटलं, "नहीं."

तिथं कुणाला काही छान वाटायला नको आहे मला. तुला वचन देतो, सुनंदा, पहिला ट्रक माघारी वळेपर्यंत मी ओरडत राहीन. घसा बसला तर बसू दे.

अजून धुमसत असलेला,
तुझा वसंत